खिळ्यावरची बंडी

बॉथवेल, टास्मानिया
१९ ऑक्टोबर १९८७

प्रिय थोरास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्रं लिहिणं हे तुझ्या ताईचं, एनिडचं काम, माझं नव्हे. अक्षराला हसू नकोस. मी पाचवीपर्यंतच शिकलो, तेही मेंढ्या कातरायचे दिवस सोडून.

जूनमध्ये एनिड गेली तेव्हापासून वाफा तसाच पडून आहे. पण तुमच्या आईच्या टोमॅटोचं बी मी ऑगस्टअखेर डब्यांत पेरलं. जुनं बी, उगवतं की नाही या काळजीने पाकीटच्या पाकीट रिकामं केलं. नऊ रोपं आली. ही रोपं गेली तर ते बी आता कोणाकडेच नाही.

रोपं खिडकीच्या काचेला टेकलीत. बाहेर लावायची कधी? शेजारचा डेस म्हणतो, हॉबर्टच्या शेतकी प्रदर्शनाची सुट्टी आली की खुशाल लावावीत, सगळं गाव तेव्हाच लावतं. पण दंवाला सुट्टी कळते का? हिवाळा सरला तरी एखाद्या रात्री ते गोठतं आणि रोपं जाळतं. एनिडला मी दरवर्षी विचारायचो. ती म्हणायची, तू आपला चुलीची लाकडं आण. रोपं लावली की त्याच दिवशी तुला पत्र टाकायची, एवढं मला ठाऊक आहे. ती पत्रं असतील तर तारखा कळव. लवकर कळव.

आठवण काढतेस, तशीच काढत जा.
तुझा,
क्लॅरी


बंडाबर्ग, क्वीन्सलँड
२९ ऑक्टोबर १९८७

प्रिय क्लॅरी भावोजींना,
सा. न. वि. वि.

अक्षराला हसले नाही, पण पाकिटावरचा पत्ता वाचताना आमचा पोस्टमन रडला असेल. इथे दंवच गोठत नाही, त्यामुळे मी या बाबतीत अडाणी. बिस्किटांचा डबा काढून ताईची सव्वीस पत्रं वाचली. दोन दिवस लागले, कारण मधेमधे थांबावं लागत होतं.

तारखांचा मेळ नाही. एका वर्षी अठ्ठावीस ऑक्टोबर, एका वर्षी वीस नोव्हेंबर. मग एकोणसत्तरच्या पत्रात सापडलं. ताईने लिहिलंय की ती कॅलेंडर बघतच नाही. क्लॅरी सकाळी लाकडं आणायला लोकरीची बंडी न घालता गेला, आणि आपण ती घातली नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही, की ती त्या दिवशी रोपं लावते. खाली बजावलंय, त्याला सांगू नकोस, विचार करकरून सगळं बिघडवेल.

अठरा वर्षं पोटात ठेवलं, इतकं की मीच विसरले होते. आता तारीख तुमच्याकडेच आहे. आणि जेवत जा, नुसत्या पाव-चहावर राहू नका.

माया पातळ होऊ देऊ नये.
आपली,
थोरा


बॉथवेल
१७ नोव्हेंबर १९८७

प्रिय थोरास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच मी डेसचं ऐकलं. सुट्टीच्या दिवशी तीन रोपं लावली. चौथ्या दिवशी सकाळी काळी पडून जमिनीवर लोळत होती. डेसचीही गेली. तो हसला, दुसरी आणीन म्हणाला. त्याला दुकानात मिळतात. माझी राहिली सहा.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. थोरा, एनिडला पोचवून आलो तेव्हापासून ती बंडी मी अंगातून काढलीच नव्हती. झोपायचो तिच्यातच. तिने विणलेली. मग थंडी संपलेली मला कळणार कशी?

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून रात्री बंडी दारामागच्या खिळ्यावर टांगू लागलो. रोज सकाळी दाराशी जायचो, तिच्याकडे बघायचो आणि घालायचो. डोळ्यांसमोर टांगलेली गोष्ट माणूस विसरणार कसा? तुझी ताई खरं बोलली, सांगितल्यावर मी बिघडवलंच. दहा-बारा दिवस असेच गेले. रोपं डब्यात पिवळी पडायला लागली.

आज सकाळी कोंबडी कुंपणाखालून डेसच्या वाफ्यात शिरली. तिला हाकलून आणलं, तसाच लाकडं घेऊन आलो, चूल पेटवली, चहा घेऊन बसलो. समोर बघतो तर बंडी खिळ्यावर.

एनिडला सांगायला वळलो. खोलीत कोणी नव्हतं. चहा संपवला.

मग उठलो. दुपारपर्यंत सहाही लावली. दोन मलूल आहेत, पण उभी आहेत. पहिल्या फळाचं बी तुला पाठवीन. तुझ्याकडच्या उकाड्यात हे थंडीतलं वाण धरेल न धरेल, पण बी दोन घरांत असलेलं बरं.

आज रोपं लावली, एवढंच कळवायचं होतं. हे पत्र त्याच डब्यात ठेव.

आम्हा दोघांवर लोभ होता, तो आता मला एकट्याला मिळावा.
तुझा,
क्लॅरी