आप्पांच्या शर्टावरचा जुना डाग

आप्पा, तुमचा तो पांढरा शर्ट काल मी डागाच्या मधोमध कापला. आधी कारण ऐका, मग रागवा.

केळीच्या चिकाचा डाग काढणारं द्रावण मी बनवलं, त्याला पेटंट नाकारलंय. पेटंट ऑफिसच्या साहेबांनी लिहिलंय, यात नवं काही नाही, साबणाच्या धंद्यातल्या कुणालाही हे सहज सुचलं असतं. वाचून माझं डोकंच फिरलं. इतकं सहज असतं तर बहादरपुरात घरोघरी केळीच्या मळ्यात घालायचे कपडे वेगळ्या खुंटीवर का लटकले असते? मी अपील केलंय. हरले तर उद्या कुठलीही मोठी कंपनी हेच बाटलीत भरून विकेल आणि माझ्या छोट्या कारखान्याला कुलूप लागेल. वकील फोनवर एकच घोकतात, "मॅडम, ताजा दाग तो पुराने साबुन से भी निकलता है. बरसों पुराना निकालके दिखाओ, एक ही कपडे के दो टुकडे करके."

घरात तेवढा जुना डाग एकच, तुम्ही गेल्यावर आईनं जपून ठेवलेल्या त्या शर्टावरचा. माझ्या कॉलेजच्या बक्षीस समारंभाला तुम्ही बुऱ्हाणपूरला यायला निघालात, नवाकोरा शर्ट घालून. मळ्यात ट्रक भरताना दिसला, तुम्हाला राहवलं नाही, घड खांद्यावर घेतलात आणि चिकानं डागलेल्या शर्टानं घरी परतलात. आई दारात लिंबू आणि रॉकेल घेऊन उभी आहे, तुम्ही हसताय. "राहू दे वं. डाग नसला त व्यापारी मले केळीवाला कसा समजीन?" तसेच आलात आणि पहिल्या रांगेत बसलात. स्टेजवरून मला तुमचा तो खांदाच दिसत होता आणि माझी मान ताठ झाली होती.

काल कात्री घेऊन बसले तर हात चालेना. आई शेजारी येऊन म्हणाली, "काप पोरी. त्यायनं सोताच कापून देल्ला असता."

एक तुकडा जुन्या साबणात घातला, दुसरा माझ्या द्रावणात. साबणातला डाग तसाच राहिला. दुसरा तुकडा वर काढला तर स्वच्छ पांढरा. फोटो वकिलांना पाठवले, "बहुत बढिया" असा निरोपही आला.

त्यांना एक सांगितलं नाही, आईलाही नाही. द्रावणाच्या बादलीत हात घातला तेव्हा मनात येत होतं, अपील गेलं खड्ड्यात, हा डाग तेवढा निघू नये.