शेवटच्या ओळीची शाई

२ सप्टेंबर, मंगळवार

बाबांनी पेन दिला नाही.

शिवानंदआप्पा आले होते, वाचनालयाचे चिटणीस. हस्तलिखित दिवाळी अंकाचं विचारायला. एकच प्रत, सगळी हाताने लिहिलेली, वर्षभर काचेच्या कपाटात असते. सत्तावीस वर्षं तो अंक बाबा लिहितात. आज आप्पा बोलताना सारखे बाबांच्या हाताकडे बघत होते. बाबांनी कप उचललाच नाही. उचलला की बशीवर वाजतो. चहावर साय धरली.

शेवटी बाबाच म्हणाले, "इंद्रायणी लिहील. आमचं दोघांचं अक्षर एकच आहे."

"मग लिही की बाई! आमची काळजीच मिटली की."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर हो म्हटलं असतं. तरी विचारायला हवं होतं.

आप्पा गेल्यावर मी बाबांचा काळा, सोन्याच्या निबेचा पेन मागितला. पाच वर्षांची असताना मागितला होता तेव्हा म्हणाले होते, "आधी हात बसू दे." आज म्हणाले, "निब एका हाताला बसलेली असते. दुसऱ्याने लिहिलं की बिघडते." त्यांच्या हातात आता चमचा राहत नाही. तरी निब त्या हाताचीच!

४ सप्टेंबर

वय तेवीस. दिवसभर डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका टाइप करते. शाईचा पेन कधीच नव्हता.

आणि अक्षर मात्र बाबांचं! तिसरीपर्यंत शाळेत घातलंच नाही मला. "शाळेत हात बिघडतो." स्वयंपाकघराच्या दाराशी पाट, पाटावर पाटी, मग कागद. रोज चार पानं कित्ता. पेन्सिल, मग बोरू, मग टाक. आधी ओळीतली सगळी अक्षरं लिहायची, मग पट्टी लावून शिरोरेघ एकदम ओढायची. पान वाळलं की शेवटच्या अक्षरावर ओलं बोट टेकवायचं. शाई हलली तर पान पुन्हा. "कच्च्या शाईत लिहिणं म्हणजे न लिहिणं." हे वाक्य मला बाराखडीआधी पाठ होतं.

आप्पांनी सामानाला हजार रुपये दिलेत. पेन, शाई, कागद, बांधणी, सगळं त्यातच. आई म्हणाली, "रविवारी पौर्णिमा. मग पक्ष लागतोय. पंधरा दिवस नवीन काही घ्यायचं नाही हं." म्हणजे शनिवारपर्यंतच. आणि मला तर साधी चप्पल निवडायला दोन आठवडे लागतात.

५ सप्टेंबर, शुक्रवार

दुकानातून लवकर सुटून नवी पेठेत गेले. चार दुकानांत शाईचा पेन नाहीच. पाचव्यात म्हातारे काका खोकं शोधायला माळ्यावर चढले.

"कुणाला बक्षीस द्यायचाय?"

"मलाच हवाय."

"परीक्षा हाय व्हय?"

सोनेरी पट्टीचा एक पुढे केला. मखमली डबी. "ह्यो घ्या. दिसायला लई भारी."

"दिसायला नको. लिहायला हवा."

मग जरा नीट बघितलं त्यांनी माझ्याकडे. तीन काढले. पहिल्याची निब बारीक, कागद ओरखडत होती. देवनागरीची वेलांटी वळताना अडकते. दुसरा जाड. 'क्ष' लिहिला तर नुसता ठिपका! तिसरा काळा, साधा, ड्रॉपरने शाई भरायचा. मध्यम निब. उभी रेघ भरदार, आडवी जरा सडपातळ. 'ळ' लिहिला. पुन्हा 'ळ'. मग 'ज्ञ', 'ह्य', 'त्त्व'. पान भरलं.

"ताई, हितंच अंक लिहून काढता का!"

लाज वाटली. घेतला नाही. उद्या सकाळी पुन्हा येते म्हटलं. घरी येईपर्यंत दहा वेळा वाटलं, तो विकला जाईल. पाच दुकानांत मिळून एक गिऱ्हाईक, आणि तरी!

६ सप्टेंबर, शनिवार

घेतला. दोनशे चाळीस.

विसर्जनाच्या मिरवणुका सुरू व्हायच्या आत नऊलाच पोचले, लेझीमचा आवाज यायलाच लागला होता. शाईपाशी अडकले. काळ्या दोन होत्या. एक शाळकरी पोरांची, स्वस्त. एक त्याच्या चौपट महाग. ड्रॉइंगची काळी शाई उचलली तर काकांनी हातातून काढून घेतली. "ती ब्रशाला! पेनात घातली की चार दिवसांत निब चोंदली म्हणून समजा." मग स्वतःच म्हणाले, "दोन्ही घेऊन जावा. घरी बघा. स्वस्तातली बाटली तशीच घ्या, पैसे नगं."

पैसे दिले. फुकट घेतलं तर झोप येत नाही मला.

कागदाचे तीन नमुने, दोन-दोन ताव. तिन्हींच्या थप्प्या काकांनी सोमवारपर्यंत बाजूला काढून ठेवल्यात, आवडेल ती न्यायची. पैसे आजच दिले, म्हणजे खरेदी पक्षाआधीची. हे आईला पटलं. मला अजून नीट पटलेलं नाही.

७ सप्टेंबर

परीक्षा घेतली, दोन्ही शायांची आणि तिन्ही कागदांची.

पिवळसर कागदावर शाई फुटते, अक्षराला केस आल्यासारखं दिसतं. गुळगुळीत चकाकत्या कागदावर फुटत नाही, पण वाळतही नाही. पाच मिनिटांनी बोट लावलं तर बोट काळं. तिसरा जरा जाड, किंचित खरबरीत. फुटत नाही, मागे उतरत नाही. तोच.

शाई: दोन्हींत एकच ओळ लिहिली. वाळल्यावर शेजारी ठेवल्या. फरक दिसत नाही. मग ओलं बोट. महागडी हलली नाही. शाळकरी शाई सगळीच्या सगळी बोटावर आली, कागदावर जांभळट डाग राहिला.

कच्ची बाटली कपाटात मागे टाकली.

बाबा आरामखुर्चीतून बघत होते. म्हटलं, जवळ येतील. एवढं सगळं त्यांच्याकडूनच तर शिकले. म्हणाले, "किती वेळ लावतेस."

१० सप्टेंबर

पहिलं पान चार वेळा लिहिलं!

टाकाची शाई लगेच वाळायची. ही वाळायला वेळ घेते. ओळ लिहिली, पट्टी लावली, शिरोरेघ ओढली. पट्टी उचलली तर अख्खी ओळ फरफटली. सवयीने दुसऱ्याही पानाला तेच केलं. तिसऱ्याला तर आठवत असूनही केलं, हातच पट्टीकडे गेला. चौथं बिनपट्टीचं, प्रत्येक शब्दाची रेघ हाताने. वीस वर्षांची सवय अशी मोडताना चोरी केल्यासारखं वाटलं.

बाबांना दाखवायला नेलं. "मला कशाला दाखवतेस? मला माहीत आहे माझं अक्षर."

माझं अक्षर!

१५ सप्टेंबर

पान अकरा. शेंगाचटणीवर कुणीतरी तीन पानी लेख लिहिलाय. त्यात 'खलबत्ता' एकोणीस वेळा.

२१ सप्टेंबर, रविवार

पान तेहतीस. काल रात्री एक मात्रा द्यायची राहिली हे झोपेत आठवलं. सकाळी पाहिलं, खरंच राहिली होती. मात्रा वर टाकता आली असती, जागा होती. टाकली नाही. पान पुन्हा लिहिलं.

पेन आता हाताला लागलाय. आधी जिथे अडायचा तिथे आपोआप वळतो. बोटावर काळा डाग कायमचा बसलाय. दुकानात मालक म्हणाले, "प्रिंटरची शाई लागली का?" हो म्हटलं. खोटं बोलले. का कोण जाणे, सांगावंसं वाटलं नाही. एवढं एक माझं असू दे.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज आप्पा आमच्या दुकानात आले. प्रकाशनाची निमंत्रणपत्रिका छापायची होती. कागद माझ्यापुढे ठेवला आणि मालकांशी गप्पा मारत बसले.

मी टाइप करत गेले. '...सलग अठ्ठाविसावा अंक स्वहस्ते लिहून सिद्ध करणारे श्री. चिंतामणी वळसंगकर यांचा हृद्य सत्कार...'

स्वहस्ते.

बोटं थांबली नाहीत. पूर्ण टाइप केलं. एकही चूक नाही. नाव ठळक करू का, असंही विचारलं!

"कर की! त्यांच्यासाठीच तर हाय कार्यक्रम."

मग दाराबाहेर गाठलं त्यांना. म्हटलं, "आप्पा, लिहितेय मी."

"ठाऊक हाय की. पण पाव्हणे ठरले, शाल आणली. एका वर्षाचं तर हाय. पुढल्या वर्षी घाल की तुझं नाव, कोण नगं म्हणतंय?"

"खोटं आहे ते."

"अगं, बापाचं नाव लावतीसच की. ते काय खोटं हाय?"

एवढं म्हणून आप्पा गेले. यावरचं उत्तर मला आत्ता सुचतंय.

२५ सप्टेंबर

अंकाची शेवटची ओळ दरवर्षी तीच असते. 'हस्ताक्षर' आणि पुढे बाबांचं नाव.

बाबांना म्हटलं, "तिथे मी माझं नाव लिहिणार."

ते पेपर वाचत होते. पेपर हलत होता. "हात तुझा असेल. वळण माझं आहे."

"चौसष्ट पानं मी लिहितेय, बाबा."

"मी शिकवलं नसतं तर लिहिली असतीस?"

"तुम्ही शिकवलंत की चूक झाकायची नाही! मात्रा राहिली तरी पान पुन्हा!"

पेपर खाली ठेवला त्यांनी. हात मांडीखाली घेतला. हल्ली तसाच ठेवतात. "हे शेवटचं आहे माझं," म्हणाले. विनंती करतायत की हुकूम, ते आवाजावरून कळेना.

आई आतून, "दे गं. काय जातंय तुझं?"

काय जातंय! जाऊ दे. आईला काय सांगणार.

२ ऑक्टोबर, दसरा

पूजेत बाबांचा पेन. आईने शेजारी माझाही ठेवला, त्यालाही हळदकुंकू लावलं. बाबा आंघोळ करून आले, पाटासमोर बसले. माझा पेन उचलून खिडकीत ठेवला. "एका घरात एकच पेन असतो पूजेला."

असं कुठे असतं?

आई फुलांची दुरडी आवरत राहिली. टोपणावरचं कुंकू मी पुसलं नाही.

५ ऑक्टोबर

पान एकसष्ट. तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या लक्षात आलंय की नाही, माहीत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

झालं. चौसष्टावं पान. फक्त शेवटची ओळ रिकामी होती.

तासभर बसले. माझं नाव लिहिलं तर रविवारी प्रकाशनाच्या भर सभेत बाबांची शोभा होईल. त्यांचं लिहिलं तर मी खोटी. कोरी सोडली तर आप्पा आणखी कुणाकडून तरी लिहून घेतील.

पेन धुतला. पाणी स्वच्छ येईपर्यंत, सात वेळा. कपाटातली मागची बाटली काढली. तिच्यातली शाई भरली. 'हस्ताक्षर : चिंतामणी वळसंगकर.' सुंदर आलं. त्यांच्याहून सुंदर. वाळल्यावर वरच्या ओळींशी ताडून पाहिलं, काही फरक नाही.

ओलं बोट लावलं नाही.

कुणाला कळणार नाही. पण मला ठाऊक आहे की ते नाव तिथे नाही.

९ ऑक्टोबर

बांधायला देताना बरं वाटलं. रात्री नाही वाटलं. जिथे खोटं लिहायचं नव्हतं तिथे मी खोटं लिहिलं, आणि तेही खोट्या शाईने. एकावर एक दोन. आता पान पुन्हा लिहिता येणार नाही, दोरा घातलाय.

११ ऑक्टोबर

बांधलेला अंक घरी आला. बाबा म्हणाले, "उद्यापर्यंत माझ्याजवळ राहू दे." दुपारभर मांडीवर घेऊन बसले होते. उघडला नाही. मी चार वेळा त्या खोलीत गेले, चार वेळा काहीतरी निमित्त काढून परत आले.

१२ ऑक्टोबर, रविवार

शाल झाली, नारळ झाला. आप्पांनी अंक उंच धरून पानं उलटून दाखवली. "बघा, या वयात बी एक अक्षर हललं न्हाय!" आणि शेवटचं पान उघडलं.

मी लिहिलेलं नाव नव्हतं. जांभळट डाग होता, बोटाएवढा. त्यावर सोन्याच्या निबेने, वेडंवाकडं, प्रत्येक उभी रेघ दोनदा थरथरलेली: चिंतामणी वळसंगकर. वरच्या सगळ्या ओळी सरळ, आणि खाली हे. पहिल्या रांगेतून कुणीही सांगितलं असतं की हे दोन हात आहेत. आप्पांनी अंक मिटला. टाळ्या जरा उशिरा वाजल्या.

रिक्षात बाबा रस्त्याकडे बघत होते. भवानी पेठ आली तेव्हा म्हणाले, "शेवटच्या ओळीची शाई कच्ची होती. मी पक्की केली."