बर्फ, ट्रे आणि एक रिकामी खुर्ची

प्रिय ताई,

जिंकलो आम्ही! फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू हल्ली नुसतं ‘बरं’ म्हणतेस आणि विषय बदलतेस. म्हणून हे भलंमोठं पत्र. चहा घेऊन निवांत बस आणि एकदम शेवटाकडे उडी मारू नकोस. माझ्या गोष्टींच्या पुस्तकांचा शेवट तूच आधी वाचायचीस आणि मला मेलं तरी सांगायची नाहीस, ते मी विसरलेले नाही.

तुला ठाऊकच आहे, मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी आम्ही पाच घरं आठवड्यातून एकदा सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत जमतो. भाषा, गणित, चित्रकला कशीबशी रुळली. गाडं अडलं ते विज्ञानावर. आईबाप सगळे कामावर जाणारे, तयारीला वेळ कुणाला? बेकरीवाल्याने तर स्वच्छच सांगून टाकलं, की एवढ्यात विज्ञान मार्गी लागलं नाही तर त्याच्या दोन्ही पोरी शाळेत जातील. तो गेला की दातांची डॉक्टर जाणार, मग बाकीचे, आणि आमची लेक भिंगरी त्या खोलीत एकटी उरणार. अन्न गोड लागेना मला.

आधी आम्ही निवडलेला अभ्यासक्रम अगदी तुझ्या पसंतीचा होता. जाडजूड मार्गदर्शिका, खोकं भरून साहित्य, आणि पहिल्याच पानावर ठळक सूचना, की शिकवणाऱ्याने प्रत्येक प्रयोग आधी स्वतः करून पाहावा. सकाळच्या तासासाठी आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळेत बाटल्या पुसत बसणारी तू, तुझंही म्हणणं हेच असायचं. आम्हीही आज्ञाधारक. पाळी दातांच्या डॉक्टरची होती, पण चारचौघांत हसं नको म्हणून पाचही घरांनी रंगीत तालीम केली. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर ग्लास. आता तूच सांग, घरीच शिकणारी पोरं त्या वेळी कुठे असणार? सगळी आपापल्या स्वयंपाकघरात, आईबापाच्या कोपराशी! वर्गात डॉक्टरबाईंनी मेणबत्ती लावली मात्र, सगळी पोरं एका सुरात म्हणाली, आता ज्योत विझणार आणि पाणी वर चढणार. बाई हातात ग्लास धरून तशाच उभ्या. भिंगरी तर जांभई देऊन टेबलाखाली जाऊन लवंडली. पुढच्या खेपेला लोहचुंबकाचंही तेच झालं. एवढी तयारी केली की शिकायला काही शिल्लकच राहिलं नाही.

मग मी हट्टाला पेटले. शोधून शोधून एक बारीकसा अभ्यासक्रम काढला. एका पानावर एक प्रश्न, सामान कुठल्याही घरात सापडेल असं, आणि ताकीद अशी, की मोठ्यांनी आधी करून बघायचं नाही. पाच घरांतला एक बाप, आमचा वायरमन, म्हणाला, हा अभ्यासक्रम नाही, आळशांची सोय आहे. डॉक्टरबाईंनी नाक मुरडलं. मी म्हटलं, एकदा करून बघू, नाही जमलं तर मीच गट मोडला म्हणून जाहीर करते. बोलून तर बसले!

पहिला तास बेकरीवाल्याच्याच गळ्यात घातला. त्याने दुकानातला एक लोखंडी ट्रे आणि एक लाकडी फळी आणली. दोन्हींवर एकेक बर्फाचा खडा ठेवायचा. कुठला आधी वितळेल? पोरांनी हात लावून पाहिला. ट्रे गारेगार, फळी उबदार. झालं, सगळ्यांनी फळीवर बोट ठेवलं. डॉक्टरबाईंनीही ठेवलं. जन्मभर ट्रे हाताळणाऱ्या बेकरीवाल्याने तर छातीठोकपणे ठेवलं. आणि ताई, ट्रेवरचा खडा बघता बघता पाणी झाला, फळीवरचा ढिम्म! कारण तुला सांगायला नको. पण त्या खोलीत जो गिल्ला झाला तो तू ऐकायला हवा होतास. खालून सायकलवाला बघायला वर आला. भिंगरी टेबलाखाली नाही, टेबलावर चढली होती. बेकरीवाला पुन्हा पुन्हा ट्रेला हात लावत होता, आणि त्याच्या धाकट्या पोरीने असं का म्हणून विचारल्यावर म्हणाला, मलाही माहीत नाही गं, चल बघू. असा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. हाच अभ्यासक्रम ठेवायचा का, यावर मतदान घेतलं, तेव्हा पहिला हात त्याचाच वर गेला. गट टिकला, ताई!

एकच गोम राहिली. त्या गोंधळात वायरमनला राहवेना. लोखंड उष्णता भराभर पोचवतं, लाकूड नाही, असं कारण त्याने एका दमात सांगून टाकलं आणि पोरांचे चेहरे खर्रकन उतरले. या अभ्यासक्रमाला बाकी काही लागत नाही, पण उत्तर ठाऊक असून तोंड मिटून बसेल असं माणूस लागतं. आमच्यात तसं एकही नाही, मी धरून.

मी मात्र एकीला ओळखते. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, असं विचारलं की ती म्हणायची, तुला काय वाटतं? मी रडायचे, पाय आपटायचे, आणि मग गच्चीवर जाऊन मागे-पुढे चालून बघायचे. आजारपणानंतर उजवा हात साथ देईना, परीक्षानळी धरता येईना, म्हणून तू प्रयोगशाळेची किल्ली परत केलीस आणि आता आपलं संपलं म्हणून घरात बसलीस. नाही संपलं. इथे हात पोरांचे आहेत, तयारी काहीच नाही, तुझा फक्त प्रश्न हवा. तुझं नाव मी परस्पर सुचवलं, आणि सगळ्यांनी एकमताने मान्यही केलं. खिडकीपाशी खुर्ची मांडून ठेवली आहे, बेकरीवाल्याने जिन्याला कठडाही ठोकला. मला ‘बरं’ नको आहे, ताई. तू हवी आहेस. ये.

तुझीच, चंद्राचं उत्तर अजून न मिळालेली,
धाकटी