बाबांची ओळ अजून येतेय

दादा,

बाबांकडे निघालेय. त्यांचा फोन लागत नाही, शेजारच्या काकूही उचलत नाहीत.

माझा रेडिओ सेट आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर बंद करू नकोस. तुला या रेडिओच्या खटपटीचा कंटाळा आहे, म्हणून नीट सांगते. बाबांचा सेट पाच वॉटचा, सायकलच्या दिव्याएवढा जीव त्याचा. तो दर दहा मिनिटांनी आपोआप ‘मी इथे आहे’ एवढी ओळ पाठवतो आणि ती माझ्या पडद्यावर उमटते. आज सकाळी सातपासून येतेय, आता दोन वाजले. मी सतरा वेळा टाइप करून विचारलं, ‘बाबा, बरे आहात ना?’ पुन्हा तीच ओळ.

तू म्हणशील, ओळ येतेय म्हणजे बरेच असतील. अरे, पण सेट चालू ठेवून बाबा कधी खुर्चीतून उठलेत का? पाणी प्यायला जातानासुद्धा आधी बटण बंद करतात. लहानपणी मी एकदाच विसरले, तर महिनाभर सेटला हात लावू दिला नव्हता. म्हणून तर त्या ओळीचीच भीती वाटतेय.

तुम्ही दोघं तीन वर्षं बोलत नाही, ते आज राहू दे. खालच्या चौकटीत ‘बाबा, मी आहे’ असं लिही आणि एंटर दाब. पुढे माझं नाही, तुझं नाव घाल. लिहीत राहा.

आज मीही सेट चालू ठेवूनच निघालेय. त्यावरून रागावून त्यांनी काही लिहिलं, तर लगेच मला फोन कर आणि शब्दन् शब्द वाचून दाखव.