एकही खाडा नाही

ठमे,

तू बनवलेला गेम मी खेळतोय हे तुला कळू द्यायचं नाही, म्हणून हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील.

गेममधला माणूस गजर झाल्यावर मी बटण दाबलं की उठतो, टाय बांधतो, चौथ्या मजल्यावर दिवसभर कागदांवर शिक्के मारतो आणि घरी येऊन झोपतो. चालतो अगदी माझ्यासारखा, डावा खांदा पाडून. एकवीस दिवस मी त्याचा एकही खाडा होऊ दिला नाही. तुझी आई म्हणाली, "रिटायर होऊनही हौस फिटली नाही का?"

काल गजर झाला तेव्हा मी चहा ओतायला उठलो होतो. परत आलो तर तो अजून अंथरुणातच होता आणि आतल्या खोलीतून एक छोटी मुलगी येऊन त्याच्या पायाशी बसली होती. खाली अक्षरं उमटली, "बाबा, आज घरीच?"

उशीर होत होता गं. बोट आपोआप बटणावर गेलं. तो उठला, टाय बांधला आणि निघून गेला.

आज गजर झाल्यावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. आतलं दार काही उघडलं नाही. अजून बसलोय.

आज घरीच असलेला,
बाबा