भुवा येईपर्यंत

न्हाई माँ, आज तू मधे बोलू नको. मेलीस म्हणून काय झालं, एकदा तरी माझं पुरतं ऐकून घे. आपली धाकटी आठ दिवसांची होऊन गेली त्याला बारा वर्षं झाली, आणि तेव्हा मी तुला जे बोलले ते अजून तिथंच पडलंय, जालन्याच्या घरात, तुझ्या बाजेच्या पायाशी.

रझाकाराचे दिवस होते. मंठ्याची मोटार बंद पडल्ती, आणि बापूजींची बहीण, आपली भुवा, मंठ्याला. चार पिढ्या इथं राहून आपलं बोलणं इथलं झालं, पण रीत मारवाडातलीच राह्यली. नणंदेनं येऊन बाळंतिणीची छाती धुवायची, बाळंतिणीनं नणंदेला ओढणी द्यायची, मंगच बाळाला अंगावर घ्यायचं. त्याआधी न्हाई. मी दहा वर्षांची. धाकटी रडून राह्यली, तू भिंतीकडं तोंड करून वाटीत दूध पिळून राह्यली, आणि काकी कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून तिच्या तोंडात धरतेय. "काकी, वाटीतलंच पाजा ना तिला," मी म्हणते. काकी हसते. "आली मोठी डाक्टरीण! धुतल्याबिगर पाजतात का कुठं?" तू हसत न्हाईस. "येईल गं भुवा. उद्या येईल." पाचव्या दिवशी तुझी छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. सहाव्या दिवशी काकीच म्हणाली, "जाऊ दे ती रीत, घे पोरीला." तेव्हा धाकटीत ओढायचं बळच न्हवतं. आठव्या दिवशी ती गेली. भुवा पंधराव्या दिवशी आली, बैलगाडीनं, हातात झबलं घेऊन. आणि सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, "तुला पाजायचंच न्हवतं." तू काही बोलली न्हाईस. त्यानंतर सात वर्षं जगलीस, तरी न्हाई.

माझी मुलगी आज चार दिवसांची आहे. मी आधीच ठरवल्तं. नाळ कापल्याबरोबर तिला अंगावर घेतलं, नणंद घरातच असून तिला हाक मारली न्हाई. सासूबाई म्हणाल्या, "कॉलेजात हेच शिकवतात का?" मी म्हणाले, "हो, हेच." आणि माँ, दूधच न्हाई. पोरगी धरते, सोडते, लालबुंद होऊन रडते. दवाखान्यातली नर्सबाई येऊन सांगून जाते, "लावत राहा, येईल." येईल, उद्या येईल. तुझाच शब्द. नणंद दारापर्यंत येते, बघते, परत जाते. आज सकाळी सासूबाईंनी कापसाची वात वळून दिली. गाईच्या दुधात बुडवून ती मी पोरीच्या तोंडात धरली. माझ्याच हातानं. आणि तोंड भिंतीकडं केलं.

हे पत्र टाकायला टपालाची पेटी न्हाई कुठं. उशीखालीच राहील. एवढंच सांगते, मघाशी मीच नणंदेला हाक मारली. म्हणाले, "ताई, पाणी तापवा. धुऊन द्या मला." माझा त्याच्यावर विश्वास बिलकुल न्हाई. तरी लग्नातली चांगली ओढणी ट्रंकेतून काढून ठेवलीये त्यांच्यासाठी. बाहेर तांब्या वाजला, ताई आल्या. तू काही म्हणू नको, मी उठले.