पाठमोरा

४ मार्च

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

सुखरूप पोचले. शहर म्हणतात तेवढं मोठं आहे, आणि ऊन असं की दुपारी रस्ते पांढरे दिसतात. चौकाचौकात सिनेमाच्या जाहिराती, दर दोन गल्ल्यांआड नाट्यगृह, संग्रहालयापुढे सकाळपासून रांग. भूगोल शिकवणाऱ्या बाईने आजवर समुद्र पाहिला नव्हता, हे माझ्या शाळेत कळू देऊ नका.

आपलं शेंडेफळ एका लाँड्रीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर राहतं. खोलीत दिवसभर इस्त्रीची वाफ येते. बारीक झालाय, पण ठणठणीत आहे. स्टेशनवर मला घ्यायला रखरखत्या उन्हात छत्री उघडून आला. मी हसले, तर म्हणाला, हा नोकरीचा भाग आहे.

नोकरी काय ते सांगते. सांगू नकोस म्हणाला होता, पण मी काही कबूल केलं नाही. एका मोठ्या नटाची उंची, बांधा आणि रंग ह्याच्यासारखा आहे. चित्रीकरणाआधी दिवे जुळवायला दोन-दोन तास लागतात, तेवढा वेळ तो नट थोडाच उभा राहणार? म्हणून हा त्याच्यासारखे कपडे घालून जमिनीवर खुणेला लावलेल्या पट्टीवर उभा राहतो. दिवे जुळले की नट येतो आणि ह्याला बाजूला व्हायला सांगतात. उन्हाने रापला तर दिव्यांचं गणित चुकतं, म्हणून ती छत्री. नऊ वर्षांत कॅमेरा चालू असताना तो एकदाही समोर नव्हता. लहान भूमिका होत्या, पण कापल्या गेल्या, असं लिहायचा त्या सगळ्या थापा.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन एकवीसला आहे, डावा डोळा गेलेलाच आहे आणि उजव्याची डॉक्टर हमी देत नाहीत, त्याआधी तुम्हाला त्याला एकदा बघायचंय, हे मी सांगितलं. पडद्यावर तोंड दिसल्याशिवाय उंबरठा चढणार नाही असं तो बोलून गेलाय म्हणे, आणि तुम्ही चालेल म्हणालात. दोघांनाही माघार घेता येत नाही. दोन दिवसांनी पुन्हा विचारून बघते.

डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घाला. आमच्यावर माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ताई

९ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र भिंग लावून वाचलं. समुद्र पाहिलास, बरं झालं. आता मुलांना सांगताना निदान अंदाजपंचे सांगणार नाहीस. त्याच्या नोकरीत मला कमीपणा वाटत नाही. माझ्या शिवणाच्या दुकानातला पुतळा तीस वर्षं नुसता उभा आहे, आणि त्याच्यावाचून माझं अडतं.

पण कॅमेऱ्यासमोर कधीच नव्हता, हे काही खरं नाही. त्या नटाचा एक सिनेमा गेल्या वर्षी इथे लागला होता. त्यात तो घर सोडून जातो, तेव्हा जिना उतरताना पाठमोरा दिसतो. तो नट नव्हे, तो आपला आहे. चाळीस वर्षं लोकांचे सदरे बेतले, मला माणूस ओळखायला तोंड लागत नाही. तेव्हा तीनदा गेलो होतो, पहिल्या रांगेत बसलो, कुणाला काही बोललो नाही. आता पुन्हा लागलाय. काल चौथ्यांदा पाहिला, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाचव्यांदा जाईन. पुढे दिसेल न दिसेल.

हे पत्र त्याला दाखव. दोघांची आठवण येते.

तुझे,
बाबा

१४ मार्च

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

ताईने तुमचं पत्र माझ्या हातात ठेवलं आणि संग्रहालय बघायला निघून गेली.

बाबा, ती पाठ माझी नाही. त्या जिन्यावर दिवे जुळवताना मी दोन तास उभा होतो, पण कॅमेरा सुरू झाला तेव्हा बाहेर शेडमध्ये बसलो होतो. उतरला तो मारामारीच्या प्रसंगांत नटाच्या जागी येणारा एक माणूस. हो, मीच तो, असं लिहून टाकावं असं काल दिवसभर वाटत होतं. पण परक्याची पाठ बघायला तुम्ही पाचव्यांदा पहिल्या रांगेत बसणार, हे मला सहन होईना. तोंड दिसलं नाही याची इतकी वर्षं लाज वाटली. आता तुम्हाला नऊ वर्षं वाट बघायला लावली याची वाटते.

आता त्या सिनेमाला जाऊ नका. गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो. कामावर सांगितलं, तर अर्ध्या तासात माझ्या उंचीचा दुसरा माणूस मिळाला.

रागावला असाल तरी दार उघडा.

तुमचा,
धाकटा

२० मार्च

चि. ताईस,
आशीर्वाद.

तू तिकडूनच परस्पर शाळेत रुजू झालीस, हे कळलं. चिरंजीव काल सकाळी आले, छत्रीसकट. दारातच थांबवून मी भिंग लावून त्याचं तोंड नीट बघून घेतलं. कानांजवळ केस पिकलेत. बराच लाजला, पण हलला नाही, उभं राहायची सवय आहे. उद्या दवाखान्यात तोच नेणार आहे.

एक गोष्ट तुझ्यापाशीच ठेव. ती पाठ त्याची नाही, हे पत्र लिहिताना मला ठाऊक होतं. त्याचा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे. लहानपणापासून त्याच्या सदऱ्यांना मी त्या बाजूला भर देत आलो. पडद्यावरच्या माणसाचे दोन्ही खांदे सरळ आहेत. नुसतं ये म्हटलं असतं तर तो आला नसता, म्हणून लबाडी केली.

मात्र हे मला कळलं ते चौथ्या खेपेला. आधी तिन्ही वेळा तो आपलाच आहे असं समजून मी घरी आलो होतो, आणि तिन्ही वेळा पोटभर जेवलो होतो.

मला हसलीस तरी चालेल, लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझे,
बाबा